विलायती मोटारी, वऱ्हाडातल्या शंका

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश उंची मोटारींवर पत्रं मागवली, तेव्हा एवढा गठ्ठा येईल असं वाटलं नव्हतं. काही पत्रं दारात गाडी असलेल्यांची आहेत, काही नुसत्या जिज्ञासेपोटी लिहिलेली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो आहे.

अमरावतीहून एक निवृत्त शिक्षक लिहितात : ‘सहा वर्षं लढून ब्रिटन कफल्लक झालं होतं, साखर-लोणीसुद्धा रेशनवर मिळे, असं आम्ही वर्गात शिकवलं. मग त्याच काळात जग्वार, बेंटली, रोव्हर अशा श्रीमंती गाड्या तिथं बनल्या कशा? आणि घेत कोण होतं?’

सर, या गाड्यांचा अर्धा स्वभाव त्या टंचाईनंच घडवला आहे. युद्ध संपलं तेव्हा पोलाद सरकारच्या ताब्यात होतं आणि तिजोरीत डॉलर नव्हते. सरकारनं कारखानदारांना सरळ सांगितलं, गाड्या परदेशी विका, तरच पोलादाचा कोटा मिळेल. त्यामुळे चांगली गाडी आधी बंदरावर जायची आणि घरचं गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. १९४७ साली हजार पौंडांवरच्या गाड्यांचा खरेदी कर दुप्पट केला, म्हणजे घरच्या श्रीमंताचीही कोंडी झाली. रोल्स-रॉइसची सिल्व्हर डॉन १९४९ साली आली, ती पहिली काही वर्षं फक्त निर्यातीसाठीच होती. १९५० साली जगात सर्वांत जास्त मोटारी निर्यात करणारा देश ब्रिटन होता, अमेरिका नव्हे. ‘घेत कोण होतं’ याचं उत्तर यातच आलं : मुख्यतः बाहेरचं जग.

आता टंचाईच्या खुणा गाडीवर कुठं दिसतात ते सांगतो. रोव्हर ७५ ही १९४९ ची गाडी तुमच्यासमोर कधी उभी राहिली, तर खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा. मडगार्डला ते चटकन चिकटेल. दाराला, बॉनेटला, डिकीच्या झाकणाला लावाल तर खाली पडेल, कारण ते भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहेत. पोलाद मोजून मिळत होतं, म्हणून जिथं जमेल तिथं ते वाचवलं. याच कंपनीनं १९४८ साली लँड रोव्हर काढली, तिचा पत्राही ॲल्युमिनियमचाच होता, आणि कारणही हेच.

इंजिनाचंही तसंच. ब्रिटनमध्ये युद्धाआधीपासून गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर बसे. पिस्टनचा वरखालीचा पल्ला, म्हणजे स्ट्रोक, हिशेबात धरतच नसत. साहजिकच इंजिनं अरुंद आणि उंच बनली. हा कर १९४८ पर्यंत पुरता गेला, पण इंजिनांची ठेवण एका रात्रीत बदलत नसते. त्यात १९५३ पर्यंत पंपावर एकाच प्रतीचं, हलकं पेट्रोल मिळे, म्हणून कॉम्प्रेशन कमी ठेवावं लागलं. तेव्हा ही इंजिनं पळतात कमी, पण टॉप गिअरमध्ये अगदी हळू चालवली तरी कुरकुरत नाहीत. ज्याला आपण ‘रुबाबदार चाल’ म्हणतो, ती बरीचशी या करातून आणि त्या पेट्रोलातून आलेली आहे.

जग्वारची गोष्ट मात्र मला सगळ्यांत प्रिय आहे. युद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात रात्री आगीवर पहारा द्यावा लागे. बॉम्ब पडून आग लागली तर विझवायला माणसं हजर हवीत. कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी त्या पाळीला मुद्दाम आपल्या इंजिनवाल्यांना एकत्र बसवलं : विल्यम हेन्स, वॉल्टर हसन, क्लॉड बेली. त्या जागरणांत भविष्यातल्या इंजिनाचे बेत झाले. सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, ॲल्युमिनियमचं हेड. तेव्हा अशी रचना शर्यतीच्या गाड्यांची समजली जाई. लायन्सना ती रोजच्या सलूनमध्ये हवी होती. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात हे ‘एक्सके’ इंजिन आधी स्पोर्ट्स गाडीत दिसलं आणि १९५० साली मार्क सेव्हन या भल्यामोठ्या सलूनमध्ये बसलं. पाच माणसं आणि सामान घेऊन ती गाडी ताशी १०० मैलांच्या पुढं जाई. १९५६ ची माँटे कार्लो रॅली याच बोजड दिसणाऱ्या गाडीनं जिंकली. ते इंजिन बनायचं थांबलं १९९२ साली. पहाऱ्याच्या रात्रींत आखलेली वस्तू चाळीस वर्षांवर टिकली, हे मला आजही थोर वाटतं.

अकोल्याचा एक विद्यार्थी विचारतो : ‘जग्वारची मार्क फाइव्ह झाली, मार्क सेव्हन झाली. मग मार्क सिक्स कुठं गेली?’

ते नाव बेंटलीनं आधीच घेतलं होतं. बेंटली मार्क सिक्स १९४६ ची. ती नुसती नावापुरती लक्षात ठेवू नकोस. तोवर रोल्स-रॉइस आणि बेंटली फक्त चासी, इंजिन आणि पुढची जाळी बनवत. गिऱ्हाईक ती चासी हूपर, मुलिनर, पार्क वॉर्ड अशा पेढ्यांकडे नेई आणि तिथं हातानं बॉडी बांधून घेई. मार्क सिक्सला प्रथमच कंपनीनं स्वतः तयार पोलादी बॉडी दिली. तिचे पत्रे काउलीच्या प्रेस्ड स्टील कंपनीत दाबून निघत. मार्क सिक्सच्या एकूण पाच हजारांवर गाड्या विकल्या गेल्या आणि बॉडी बांधणाऱ्या जुन्या पेढ्यांची उतरती कळा सुरू झाली. एक सावधगिरीचं सांगतो. त्या वर्षांतलं पोलाद हलक्या प्रतीचं होतं, त्यामुळे या गाडीचा पत्रा खालच्या कडांनी गंजतो. कुठं विकाऊ दिसली तर आधी वाकून खालून बघ, चकाकी मागाहून.

दर्यापूरहून पत्र आहे : ‘आमच्या घरी आबाजीच्या टायमाची लँडमास्टर हाय. लग्नात काढली का दर्यापुराहून अमरावतीले जाईपर्यंत दोनदा उकयते. मिस्तरी म्हणते थर्मोस्टॅट काढून फेका. काय करू, सांगा.’

काढू नका. मिस्त्रींचा अनुभव मोठा असेल, पण हा उपाय रोगावरचा नाही.

दादा, तुमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी माणसाला सोसत नाही, पिकाला सोसत नाही, तर रेडिएटरला कसं सोसेल? ते पाणी तापलं की क्षार खाली बसतात. साठ-सत्तर वर्षं घरच्या हंड्यातलं पाणी ओतलेल्या ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरभोवती घट्ट थर साचलेला असतो. तिथं पाणी पोचतच नाही. त्यात लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डवरून आपल्याकडे बनलेली गाडी, आणि तिचं १४७६ सीसीचं इंजिन साइड-व्हॉल्व्ह जातीचं. या जातीत जळालेल्या वायूची वाट ब्लॉकमधूनच जाते, म्हणून पाण्यावर उष्णतेचा भार मुळातच जास्त. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना असा ब्लॉक अर्धा बुजलेला असेल, तर गाडी उकळणारच.

करायचं असं. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून त्याच्या टाक्या उघडून नळ्या साफ करून घ्या. हे काम बहुतेक जण करतात आणि इथंच थांबतात. पुढचं काम जास्त महत्त्वाचं आहे. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याची बुचं ठोकलेली असतात, ती काढायला लावा. आतून चिखलासारखा लालसर गाळ निघेल. तारेनं खरवडून, दाबाच्या पाण्यानं, स्वच्छ पाणी येईस्तोवर धुवा आणि बुचं नवीन पितळी बसवा. मग डिस्टिल्ड वॉटर आणि चांगलं कूलंट. पुन्हा बोअरचं पाणी घालायचं नाही, अडीअडचणीला पिण्याच्या आरओचं चालेल. रेडिएटरचं झाकण मूळ जेवढ्या दाबाचं होतं तेवढ्याच दाबाचं ठेवा. हल्लीच्या गाडीचं कडक झाकण बसवलं तर जुने जोड उकलतात. शिवाय पॉइंटची वेळ मागे पडली असेल तरीही इंजिन तापतं, तीही बघून घ्या.

आणि थर्मोस्टॅट. तो नसला की इंजिन थंडीत नीट तापत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. तुमच्या गाडीत नुकसान एवढ्यावर भागेल. पण ज्यांच्याकडे एक्सके इंजिनाची जग्वार आहे त्यांनी तर हा उपाय मुळीच करू नये. तिथं थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला की तापलेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. वर हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की हेड आतून खाल्लं जातं, आणि ते हेड पुन्हा मिळवणं म्हणजे खिसा रिकामा करणं.

अमरावतीहून एका भगिनींचा प्रश्न : ‘ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मग तिथंही मंत्री तिच्यातच फिरत का?’

नाही ताई. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका ही तिथल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी होती आणि तिथं ती १९५९ ला बंदही झाली. तिथल्या पंतप्रधानांकडे त्या काळात हंबर असे, पुढं मोठी रोव्हर. मार्गारेट थॅचर १९७९ साली पंतप्रधान म्हणून डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या जुन्या साडेतीन लिटर रोव्हरमधून. आपल्याकडे परदेशी बांधणीच्या गाड्यांवर बंधनं आली, देशात बनणाऱ्या गाड्या मोजक्या उरल्या आणि त्यांतली सर्वांत ऐसपैस ॲम्बेसेडर होती. उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत राहिली. पुढच्या चाकांना टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग ही तिची दोन अंगं चांगल्या अभियांत्रिकीची आहेत. खडबडीत रस्त्यावर मागच्या सीटवर बसून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मूर्तिजापूरहून : ‘एका ओळखीच्यांकडे शेडमध्ये स्टँडर्ड २००० उभी आहे, १९८६ ची. ते म्हणतात, ही खरी रोव्हर आहे, इंग्लंडमध्ये हिला बक्षीस मिळालं होतं. तीन मिस्त्रींनी नाही म्हटलं. घेऊ का?’

ओळखीचे खोटं बोलत नाहीत, पण निम्मंच सांगतात. अंगानं ती रोव्हर आहे. डेव्हिड बाश यांनी रेखलेली रोव्हर एसडी-वन १९७६ साली आली आणि १९७७ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली. तिचं बॉनेटखालचं वैभव म्हणजे साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं इंजिन. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं त्या गाडीचे साचे आणले आणि १९८५ साली इथं ती काढली. इंजिन मात्र आपल्याकडचंच जुनं घातलं : चार सिलिंडरचं, १९९१ सीसीचं, स्टँडर्ड व्हॅनगार्ड घराण्यातलं.

आता हे घराणं कुठलं, ते ऐका. व्हॅनगार्ड ही १९४७ साली जाहीर झालेली युद्धोत्तर सलून. तिचंच इंजिन कॉव्हेंट्रीत फर्ग्युसन ट्रॅक्टरला बसलं, त्याचंच भावंड ट्रायम्फच्या स्पोर्ट्स गाडीत गेलं, आपल्याकडे स्टँडर्ड २० व्हॅनमध्ये आलं आणि शेवटी या रोव्हरच्या देखण्या अंगात शिरलं. शेतात नांगरही ओढलेलं इंजिन ते, दणकट आणि गरीब स्वभावाचं. त्याचे सिलिंडरचे नळे, म्हणजे लायनर, वेगळे निघतात. झिजले की ब्लॉक न टाकता नुसते नळे बदलता येतात. पण एवढ्या मोठ्या, जड गाडीला ते ओढताना धापा टाकी, पेट्रोल पीत असे, आणि किंमत त्या मानानं चढी होती. १९८८ पर्यंत उत्पादन संपलं. कंपनीही त्यातून सावरली नाही.

म्हणून माझं मत असं : इंजिनाच्या भीतीनं नाही म्हणू नका. तुमच्या तालुक्यात जुने ट्रॅक्टर उघडणारा एखादा वृद्ध मिस्त्री अजून असेल, त्याला हे इंजिन दाखवा, तो ओळखेल. अडचण आहे ती काचा, दिवे, डॅशबोर्ड, दाराची रबरं यांची. गाडी घेण्याआधी एक-एक काच मोजा. पुढची काच तडकलेली असेल तर व्यवहार सोडा. सगळ्या काचा आणि दिवे शाबूत असतील, कागद नीट असतील, तर जरूर घ्या. या गाडीची हेटाळणी खूप झाली. पण त्या इंग्लिश रेखाटनाची गाडी आपल्या देशात उभी राहिली होती, हे पुढच्या पिढीला दिसायला एखादी तरी चालती राहिली पाहिजे.

परतवाड्याहून : ‘काकांकडून आलेल्या हंबर हॉकमध्ये मोबाइल चार्जर बसवला आणि धूर निघाला. इलेक्ट्रिशियन म्हणतो, वायरिंग इंग्रजांनी उलटं केलंय. खरं का?’

खरं आहे, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. बॅटरीजवळ जा. जी जाड पट्टी बॅटरीवरून सरळ चासीला बोल्टानं बांधलेली आहे, ती कुठल्या खुंटीवरून निघते ते पाहा. आजच्या गाडीत ती वजा खुंटीवरून निघते. तुमच्या गाडीत अधिक खुंटीवरून निघत असेल. यालाच पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्या अशाच आहेत. अशा गाडीत चार्जरच्या सॉकेटची बाहेरची कडा धातूच्या डॅशबोर्डला टेकली की गाडीचं सबंध अंग अधिक भाराचं असल्यानं चार्जरच्या आत प्रवाह उलटा शिरतो. मग धूर येणारच.

इलेक्ट्रिशियन कदाचित बॅटरी फिरवून लावायला सांगेल. नुसती फिरवून भागत नाही. डायनॅमोला नवी दिशा ‘शिकवावी’ लागते, म्हणजे त्याच्या फील्डला क्षणभर बॅटरीचा प्रवाह द्यावा लागतो. इग्निशन कॉइलवरच्या दोन तारा आपसांत बदलाव्या लागतात, अँपिअरमीटरही उलटा दाखवतो. माझा सल्ला, मूळ रचना ठेवा. चार्जर हवाच असेल तर प्लॅस्टिकच्या डबीत, गाडीच्या धातूला कुठंही न टेकेल असा, स्वतंत्र दोन तारांवर, मध्ये फ्यूज घालून लावा. कापडी वेष्टणाची जुनी तार कडक होऊन तुटत असेल तर ती मात्र विलंब न करता बदला. धूर पुन्हा निघाला तर तिथून निघेल.

त्याच पत्रात बोल्टांची डोकी गोल झाल्याची तक्रार आहे. त्याचं कारण बारा-तेराचा पाना. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ आणि बीएसएफ आट्यांचे बोल्ट असतात. त्यांच्या पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, डोक्याचा नव्हे, म्हणून आपल्याकडचा कुठलाच पाना नीट बसत नाही. जुन्या बाजारात असे पाने किलोवर मिळून जातात. एक संच घेऊन ठेवा आणि गाडी मिस्त्रीकडे देताना तो डिकीत ठेवूनच द्या.

अकोल्याहून तिघांनी विचारलं आहे : ‘पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीला चालेल का?’

चालेल, पण तयारी करून. इथेनॉल जुनी रबरी नळी मऊ करतं, कॉर्कचं पॅकिंग खराब करतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून कार्ब्युरेटरकडे पाठवतं. तेव्हा इथेनॉलला टिकणारी नळी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी बदला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. एसयू कार्ब्युरेटर असेल तर खालचा जेटचा नट किंचित खाली फिरवून मिश्रण थोडं दाट करा, आणि वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ तेल आहे ना ते बघा. ते कोरडं असलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, आणि लोक विनाकारण पेट्रोलला दोष देतात. सर्वांत मोठा धोका गाडी उभी ठेवण्यात आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्याचे चार महिने गाडी काढणार नसाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

अमरावतीच्या एका महाविद्यालयीन मित्राचं एका ओळीचं पत्र : ‘जग्वार आता आपली आहे, हे कितपत खरं?’

मालकी खरोखर टाटांची आहे. वाट अशी झाली : १९६० साली जग्वारनं डेमलर विकत घेतली, १९६६ साली स्वतः बीएमसी या ब्रिटिश मोटारसमूहाबरोबर गेली, १९६८ साली सगळे मिळून ब्रिटिश लेलँड झाले. तिथं एकाच छपराखाली रोव्हर आणि ट्रायम्फ एकमेकींचं गिऱ्हाईक पळवत होत्या. १९७५ साली सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. बरेच जण सगळा दोष संपांवर टाकतात. मला तो निवाडा अपुरा वाटतो. नवीन यंत्रसामग्रीत पैसा घालायची वेळ होती तेव्हा मालकांनी तो घातला नाही, आणि एकाच आकाराच्या दोन-दोन गाड्या काढत राहिले. जग्वार १९८४ ला पुन्हा खासगी झाली, १९८९ ला फोर्डनं घेतली आणि २००८ च्या जूनमध्ये लँड रोव्हरसह टाटा मोटर्सकडे आली. सोबत डेमलर, लँचेस्टर आणि रोव्हर ही जुनी नावंसुद्धा आली. रोल्स-रॉइस आणि बेंटली मात्र जर्मनांकडे गेल्या. पुण्यात २०११ पासून या समूहाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २०१३ साली जग्वार एक्सएफही तिथं जुळू लागली. पण १९६८ च्या एक्सजे-सिक्सपासून चालत आलेली मोठी सलून, एक्सजे, २०१९ ला बंद झाली आणि एक्सएफही २०२४ ला थांबली. मालकी आपल्याकडे आली तेव्हा सलूनचा काळ सरत आला होता, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचं पत्र अकोल्याचं : ‘आजोबांच्या गाडीचा नंबर जाईल या भीतीनं ती व्हिंटेज म्हणून नोंदवत नाही. काय करावं?’

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे आजोबांचा नंबर कुठं जात नाही. नव्यानं नोंदवलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसाठी चालते. ‘मूळ रूपातली’ हे शब्द नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी या नियमात बसत नाही. म्हणून तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर डिझेल इंजिन बसवण्याचा जो विचार लिहिला आहे, तो आधी सोडून द्या आणि मगच आरटीओत अर्ज करा.